किंगडम अंडर फायर: द क्रुसेडर्स – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा गेम नव्याने हातात घेणाऱ्यांकडून तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून ते एका जागी आणले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. कथेतली वळणं कुठेही फोडलेली नाहीत, तेव्हा बिनधास्त वाचा.

१. हा गेम नेमका कसला? मारामारीचा की डोकं चालवायचा?

दोन्ही, आणि एकाच वेळी. तुमच्याकडे एक हिरो असतो. त्याला तुम्ही पाठीमागून बघत थेट चालवता: तलवार, कॉम्बो (बटणं ठरावीक क्रमाने दाबून केलेले सलग घाव), सगळं तुमच्या हातात. त्याच वेळी त्याच्या हाताखाली आणखी तुकड्या असतात आणि त्यांना नकाशावरून हुकूम सोडायचे असतात. तुमची तुकडी शत्रूला भिडली की लढाई हातघाईवर येते आणि तुम्ही हिरोच्या खांद्यामागे जाता. भिडायच्या आधीचा सगळा वेळ सेनापतीचा.

कोरियातल्या फँटाग्राम आणि ब्लूसाइड यांनी केलेला हा गेम २००४ मध्ये एक्सबॉक्स या गेम कन्सोलवर आला. रिअल-टाइम, म्हणजे आळीपाळीने नव्हे तर सलग चालणाऱ्या लढायांचे गेम तेव्हा माउस आणि कीबोर्डवरच चालतात असं पक्कं धरलं जायचं. कंट्रोलरवर फौज हाकता येते हे ज्या मोजक्या गेमनी दाखवून दिलं, त्यांत हा एक.

२. आरटीएस (रिअल-टाइम स्ट्रॅटेजी) आणि रिअल-टाइम टॅक्टिक्स यांत फरक काय? मला दोन्ही सारखेच वाटतात.

आरटीएसमध्ये तळ बांधा, खाणीतून सोनं काढा, बराकीतून सैनिक तयार करा, मग लढा असा क्रम असतो. टॅक्टिक्समध्ये हे काहीच नाही. लढाईला जेवढी माणसं घेऊन उतरलात तेवढीच तुमची. एखादी तुकडी मूर्खपणाने गमावली तर मागून नवी येत नाही.

या प्रकाराची मुळं या गेमच्या बरीच आधीची आहेत. बंजीचा ‘मिथ: द फॉलन लॉर्ड्स’ १९९७ चा. त्यात बुटके सुरुंगवाले बॉम्ब फेकायचे आणि तुमचा अंदाज चुकला तर तो आपल्याच माणसांत फुटायचा. उंचीवरच्या तिरंदाजांना फायदा मिळायचा, तर पावसात वाती विझायच्या. ‘वॉरहॅमर: डार्क ओमेन’ १९९८ चा, त्यातही तळ-बिळ बांधायची भानगड नव्हती. सेनापतीलाच रणात उतरवायची कल्पना तर त्याहून जुनी: १९८९ च्या ‘हर्झोग झ्वाय’मध्ये तुम्ही स्वतः एक यंत्र उडवत फौजेला हुकूम द्यायचात. ‘द क्रुसेडर्स’ने या दोन्ही धाटण्या एकत्र आणल्या आणि त्याला जादू आणि काळे एल्फ, ऑर्क अशा काल्पनिक जमातींची जोड दिली.

३. आधीचा भाग खेळलेला नाही. गोष्ट कळेल का?

कळेल. ‘किंगडम अंडर फायर: अ वॉर ऑफ हिरोज’ हा पहिला गेम २००१ मध्ये पीसीवर आला होता आणि तो वरून बघायचा, तळ बांधायचा आरटीएस होता. जग तेच, बर्सिया. काही नावं तिथून इथे आली आहेत, पण इथली लढाई समजायला तो खेळलेला असण्याची गरज नाही.

चार नावं लक्षात ठेवली की पुरे. हिरोनाइडेन आणि एक्लेसिया ही माणसांची राज्यं एका बाजूला. वेलॉन्ड आणि हेक्स्टर ही दुसऱ्या, म्हणजे ‘काळ्या’ बाजूला. आपल्याच गोटातल्या दोघांचं आपसांत पटतंच असं नाही आणि कथेची खरी मजा तिथेच आहे.

४. आज हा कुठे खेळता येतो? ऑनलाइन लढाया चालू आहेत का?

२०२० पासून पीसीवर स्टीम या ऑनलाइन दुकानातून मिळतो. जमलं तर कंट्रोलरच वापरा, हुकूम देण्याची सगळी रचना त्याच्यासाठीच केलेली आहे.

मूळ गेमच्या ऑनलाइन लढाया एक्सबॉक्स लाइव्हवर होत्या. पहिल्या एक्सबॉक्सच्या गेमसाठीची ती सेवा १५ एप्रिल २०१० रोजी बंद झाली. त्यामुळे जुनी डिस्क सापडली तरी तिच्यावरून एक्सबॉक्स लाइव्हवर कोणाशी भिडता येणार नाही. हा गेम घ्यायचा तो एकट्याने खेळायच्या मोहिमांसाठी.

५. सुरुवात जेराल्डने करू की लुक्रेशियाने?

पहिल्यांदा खेळत असाल तर जेराल्ड. तो हिरोनाइडेनचा सेनानी. त्याच्या तुकड्या ओळखीच्या असतात: पायदळ, तिरंदाज, भालदार, घोडदळ. कोण काय करतो हे वेगळं शिकावं लागत नाही. सोबत एलेन आणि रुपर्ट हे अधिकारी. जेराल्ड तोंडाने फटकळ आहे, त्यामुळे लढायांच्या मधली बोलणीही कंटाळवाणी होत नाहीत.

लुक्रेशिया वेलॉन्डची, काळी एल्फ. तिची मोहीम अवघड आहे असं नाही, पण तिच्या फौजेचा स्वभाव निराळा आणि तो पारखायला आधी साधी फौज हाताखालून गेलेली बरी. एक्लेसियाचा केन्डल आणि हेक्स्टरचा रेग्नियर हे नंतर उघडतात, सुरुवातीला यादीत दिसले नाहीत म्हणून गेम बिघडलाय असं समजू नका.

६. मी बटणं बडवून समोरच्यांची कापाकापी करतो, तरी लढाई हरतो. असं का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून उत्तर जरा लांब.

हिरो कितीही भारी असला तरी तो एका जागी असतो आणि लढाई चार जागी चाललेली असते. हिरोने वीस जण लोळवले, तेवढ्यात मागे तुमचे तिरंदाज घोडदळाखाली गेले, तर सौदा तोट्याचाच. या गेममध्ये लढाई जिंकली जाते ती दोन फौजा एकमेकींना भिडण्याच्या आधीच्या अर्ध्या मिनिटात. तलवार नंतर फक्त हिशेब पुरा करते.

एक नमुना बघू. समोरून वाटेने शत्रूचं पायदळ येतंय, त्याच्यामागे घोडदळ आहे. डाव्या हाताला झाडी. तुमच्याकडे हिरोची तुकडी, तिरंदाज आणि भालदार. बहुतेक जण हिरोला वाटेत घालून थेट पायदळावर तुटून पडतात आणि शत्रूचं घोडदळ वळसा घालून तिरंदाजांवर येतं.

आता तेच असं करून बघा. तिरंदाज मागच्या चढावर ठेवा. भालदार त्यांच्या पुढ्यात उभे करा आणि त्यांची तोंडं घोडदळ जिथून येईल त्या दिशेला वळवा. तोंड वळवणं विसरायचं नाही (का, ते प्रश्न १४ मध्ये). हिरोची तुकडी झाडीच्या कडेला, वाटेपासून बाजूला ठेवा. पायदळ बाणांखालून चालत येईपर्यंत हिरोला हलवूच नका. ते भालदारांना टेकलं की मगच हिरोला त्यांच्या बगलेवर सोडा. आता बटणं बडवा, हवी तेवढी. समोरच्यांचं लक्ष एकीकडे आणि घाव दुसरीकडून, त्यांना पळता भुई थोडी होते. घोडदळ आलंच तर भाल्यांवर येतं.

माणसं तीच, हत्यारं तीच. बदलली फक्त उभं राहायची जागा आणि धीर धरायची वेळ.

७. कोण कोणाला भारी पडतं?

थोडक्यात: भालदार घोडदळाला, घोडदळ तिरंदाजांना, आणि तिरंदाज त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागणाऱ्या कोणालाही. पायदळ सगळ्यांशी बऱ्यापैकी लढतं, पण धावत्या घोड्यांपुढे त्याचं फारसं चालत नाही. मांत्रिक आणि वेढ्याची यंत्रं दुरून नासधूस करतात, पण शत्रू जवळ आला की त्यांची त्रेधा उडते, म्हणून त्यांच्यापुढे कायम कोणी तरी उभं हवं.

ही कात्री-कागद-दगडाची रीत पाठ करून भागत नाही. जागा आणि दिशा चुकली की ती उलटते. अपवाद प्रश्न १३ आणि १४ मध्ये आहेत.

८. तुकडी दाट ठेवू की विरळ?

बाणांखालून किंवा जादूच्या माऱ्यातून जायचं असेल तर विरळ, म्हणजे एका फटक्यात कमी माणसं सापडतात. भिडायच्या आधी दाट. घाईत लोक एकच रचना लावून विसरतात आणि विरळ पायदळ तसंच शत्रूत घुसतं. मग रांगेत मोठमोठी भगदाडं असतात आणि एकेक माणूस एकटा सापडतो.

९. जंगल पेटवता येतं म्हणतात. कसं, आणि कधी?

पेटते बाण झाडीत सोडले की झाडी पेटते आणि आग पसरत जाते. शत्रू झाडीत लपून बसलाय अशी नुसती शंका असली तरी हा डाव खेळून बघण्यासारखा आहे. दबा धरलेली तुकडी आगीतून बाहेर पडते तेव्हा तिची रचना विस्कटलेली असते.

आगीला मात्र आपला-परका कळत नाही. ज्या झाडीच्या कडेला हिरोला दबा धरून बसवलंय, तिलाच तिरंदाजांनी काडी लावली असं सर्रास होतं. प्रश्न ६ मधला डाव खेळत असाल तर त्या लढाईत आग विसरा. आगही हवी आणि दबाही हवा, असं एकाच झाडीत जमत नाही.

१०. मी हिरोत लक्ष घातलं की बाकीच्या तुकड्या मार खातात. दोन्ही कसं सांभाळायचं?

सांभाळायचं नाहीच. लढाई सुरू व्हायच्या आधी बाकीच्यांना अशा जागी ठेवायचं की काही वेळ त्यांच्याकडे बघितलं नाही तरी चालेल. तिरंदाजांपुढे भालदार उभे आहेत ना, मग ते थोडा वेळ तगतात.

हातघाई चालू असतानाही कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर नजर जाऊ द्या. दुसऱ्या तुकडीवर झटकन जाऊन एक हुकूम द्या आणि परत या. तेवढ्यात हिरो मरत नाही, त्याच्याभोवती त्याची माणसं असतात. सुरुवातीला ही ये-जा जड जाते. दोन-तीन मिशननंतर बोटांना सवय होते आणि मग हा गेम एकदम वेगळा वाटायला लागतो. अनेक जण तिथवर पोचायच्या आधीच सोडून देतात, त्याचं वाईट वाटतं.

११. एसपी कशावर खर्च करू?

एसपी म्हणजे मारामारीतून साठत जाणारी ताकद. ती हिरोची खास चाल, अधिकाऱ्यांना मदतीला बोलावणं आणि जादू अशा सगळ्यांना एकाच गल्ल्यातून लागते. म्हणून किरकोळ टोळीवर खास चाल उधळू नका, ती साध्या कॉम्बोंनीही मरते. शत्रूचा नायक समोर आला की अधिकाऱ्याला बोलवा. तो पडला की मागच्यांची हवा निघते.

१२. लढाईनंतर मिळालेले अनुभवाचे गुण कोणाला द्यावेत?

गुण कसे वाटायचे ते तुमच्या हातात असतं: हिरो, अधिकारी आणि बाकीच्या तुकड्या. हिरोला सगळं देऊन टाकायचा मोह होतो. तो टाळा. कारण प्रश्न ६ मध्ये आलंच आहे.

तुकडीच्या अंगी ठरावीक कौशल्यं ठरावीक पातळीला आली की तिचा पेशा बदलता येतो. तेव्हा आधी ठरवा की ही तुकडी पुढे कोण व्हायला हवी, आणि त्याच कौशल्यांवर गुण लावा. सगळीकडे थोडे थोडे टाकले तर कुठलाच दरवाजा उघडत नाही आणि पुढच्या मिशनलाही तेच साधं पायदळ घेऊन उतरावं लागतं. सोन्याचंही तसंच: ज्या तुकड्या प्रत्येक लढाईत आघाडीला असतात त्यांची हत्यारं-चिलखतं आधी.

१३. माझं घोडदळ जंगलात शिरलं आणि संपलंच. घोडदळ भारी असतं ना?

मोकळ्या मैदानात भारी. घोडदळाचा सगळा जीव धावेत आहे. झाडीत धावच मिळत नाही, मग उरतात ती फक्त उंचावर बसलेली माणसं. मोकळ्यावरही एक पथ्य पाळा: धडक देऊन आरपार निघा, वळा, पुन्हा धडक द्या. शत्रूच्या गर्दीत उभं राहून लढणारं घोडदळ म्हणजे महागडं पायदळ.

१४. भालदार पुढे असूनही घोडदळाने त्यांना चिरडलं. हे कसं?

त्यांची तोंडं कुठे होती ते आठवा. भाले पुढच्या बाजूला असतात, बगलेला आणि पिछाडीला नसतात. तुकडी ज्या दिशेने चालत आली त्याच दिशेला तोंड करून उभी राहते, शत्रू कुठून येणार हे तिला तुम्हीच सांगायचं. जागेवर पोचल्यावर तोंड वळवण्याचा हुकूम वेगळा द्यावा लागतो आणि नेमका तोच राहून जातो.

दुसरं कारण असं, की भालदार चालत असतानाच घोडदळ आलं. चालती रांग म्हणजे भिंत नव्हे. शत्रूचे घोडे दिसले की थोडी कमी चांगली जागा मिळाली तरी चालेल, पण थांबा आणि वळा.

१५. लढाई जिंकतच आलो होतो, हिरो पडला आणि मिशन संपलं. हा अन्याय नाही का?

नियम तोच आहे: हिरो पडला की खेळ संपला. खरं तर तो नीट विचार करून ठेवलेला आहे. हिरो तुमचं सगळ्यांत धारदार हत्यार आणि सगळ्यांत नाजूक जागाही. हा नियम नसता तर प्रत्येकाने हिरोलाच आघाडीला पिटाळलं असतं आणि बाकी फौज शोभेला उरली असती.

हिरोची तुकडी विरळ झाली की त्याला मागे घ्या. त्याच्याभोवतीची माणसं हेच त्याचं चिलखत. ती कमी होताना आकडा पडद्यावर दिसतो, पण कॉम्बोच्या नादात कोणी बघत नाही.

१६. ‘हिरोज’ हा वेगळा गेम आहे का? आधी कोणता खेळू?

वेगळा. २००५ मध्ये आला आणि काळाच्या हिशेबात ‘द क्रुसेडर्स’च्या आधीची गोष्ट सांगतो. मोहिमा सात: लाइनहार्ट, एलेन, सिरिथ, रुपर्ट, मोरीन, उरुकुबार आणि वॉल्टर. म्हणजे जेराल्डच्या मागे उभे राहणारे एलेन आणि रुपर्ट तिथे स्वतःच्या मोहिमा लढतात.

आधी ‘द क्रुसेडर्स’च खेळा. ‘हिरोज’ त्यात मुरलेल्यांसाठी केलेला आहे, शिकवण्यात वेळ घालवत नाही आणि लवकर अंगावर येतो.

१७. ‘सर्कल ऑफ डूम’ घेतला, त्यात फौजच नाही. चुकीचा गेम आला का?

गेम बरोबर आहे, जात वेगळी आहे. एक्सबॉक्स ३६० वरचा ‘सर्कल ऑफ डूम’ हा निव्वळ अ‍ॅक्शन-आरपीजी. फौजेशिवाय शत्रू कापत जायचं आणि हत्यारं गोळा करायची. नाव तेच ठेवल्यामुळे फसगत पुष्कळांची झाली.

‘किंगडम अंडर फायर २’ मध्ये फौजा परत आल्या, पण एमएमओच्या, म्हणजे असंख्य लोकांनी एकत्र ऑनलाइन खेळायच्या गेमच्या चौकटीत. त्याची घोषणा २००८ ची, युरोप-अमेरिकेत तो उघडला नोव्हेंबर २०१९ मध्ये, आणि २०२० मध्येच बंद झाला. सर्व्हर गेले की असा गेम संपूर्णच जातो, त्यामुळे तो शोधत बसू नका.

१८. हा संपवला. असंच आणखी काय खेळू?

तुम्हाला यातलं काय आवडलं त्यावर आहे.

रणात स्वतः उतरून हुकूम देणं आवडलं असेल तर शायनीचा ‘सॅक्रिफाइस’, २००० चा. त्यात तुम्ही मांत्रिक असता, पाठीमागून दिसता, आणि मेलेल्यांचे आत्मे गोळा करून त्यांतून आपले प्राणी उभे करता. इतका विक्षिप्त आणि इतका पुढचा गेम तेव्हा फार थोड्यांनी खेळला. डबल फाइनचा ‘ब्रूटल लेजंड’ २००९ चा. त्यातल्या मोठ्या लढाया याच जातीच्या, पण नुसती हाणामारी हवी म्हणून घेतलेल्यांना त्या अनपेक्षित वाटल्या.

रचना, बगल, पिछाडी यांतच मजा आली असेल तर २०१६ चा ‘टोटल वॉर: वॉरहॅमर’. तिथे सरदाराला स्वतः तलवार चालवायला लावता येत नाही, पण लढाई थांबवून विचार करता येतो. घोड्यावर बसून भाला चालवणं हवं आणि जादू नसली तरी चालेल, तर २००८ चा ‘माउंट अँड ब्लेड’.

१९. लढाईत मागे हेवी मेटल का वाजतं? राजे-एल्फांच्या गोष्टीत ते विचित्र नाही वाटत?

पहिल्या पाच मिनिटांत वाटतं. मग घोडदळ सुटतं, गिटार सुटते आणि तक्रार उरत नाही.

२०. तुकड्या मेल्या, हिरो आणि एक पायदळ उरलं, भालदार नाहीत आणि समोर घोडदळ. पुन्हा सुरू करू की काही आशा आहे?

आशा आहे, पण मैदान सोडलंत तर. जवळची झाडी बघा आणि दोघांनाही तिच्यात घ्या. कडेला नाही, आत. प्रश्न १३ मधला नियम आता तुमच्या बाजूने आहे. पायदळ दाट करून घोडे येतील त्या दिशेला वळवा आणि हिरोला थोडा बाजूला ठेवा. घोडे झाडांत मंदावून पायदळाला अडकले की त्यांच्या बगलेतून शिरा. साठवलेला सगळा एसपी इथेच ओता, आता वाचवून उपयोग नाही. आधी त्यांच्या नायकाकडे जा.

झाडी नसेल तर तिरंदाज असते तर बरं झालं असतं म्हणत बसू नका, मिशन पुन्हा सुरू करा. आणि या वेळी ज्या तुकडीला पहिल्यांदा गमावलंत, तिच्यापुढे कोण उभं होतं तेवढं बघा.